पडद्यामागचा युसूफभाई

"टाका दिसला की कारागीर फसला."

हसीनाचं हे वाक्य घरातल्या भिंतींनाही पाठ झालं असेल. सुनेनं ब्लाउजला हूक लावला तरी हेच, नातीनं वहीला कव्हर घातलं तरी हेच. भाकरी थापताना कडेला चीर पडली तरी ती तेच पुटपुटायची, आणि मग स्वतःशीच हसायची, कारण भाकरीला कुठला आलाय टाका.

काष्टीत बाजारतळाच्या रस्त्याला तिच्या नवऱ्याचं, अल्लाबक्ष शेखचं, गाड्यांच्या सीटा बनवायचं दुकान होतं. जीप, टेम्पो, ट्रॅक्टर, साखर कारखान्याच्या साहेबांच्या गाड्या, सगळ्या तिथं यायच्या. पुढं पत्र्याचं छप्पर, मागं राहतं घर आणि मध्ये एक जाड निळा पडदा. पडद्याच्या पुढं अल्लाबक्ष. गिऱ्हाइकाशी बोलायचं, सीटचा सांगाडा उघडायचा, काथ्या भरायचा, रेक्झिन कापायचं, हे त्याचं. पडद्याच्या मागं हसीना आणि तिचं पायमशीन. शिलाई सगळी तिची. सीटच्या कडेनं बोटाएवढी जाड दोरी कापडात गुंडाळून जी गोल फिरवतात, ती पायपिन तर तिच्यासारखी श्रीगोंदा तालुक्यात कुणाला जमत नव्हती. कोपऱ्यावर वळताना भल्याभल्यांच्या पायपिनीला चुण्या पडतात. हसीनाची पायपिन ओढ्याचं पाणी वळावं तशी वळायची.

पण घराबाहेर हे कुणालाच माहीत नव्हतं.

सदतीस वर्षांपूर्वीची गोष्ट. श्रीगोंद्याच्या एका डॉक्टरांनी नवी फियाट घेतली आणि सीटा मनासारख्या करून घ्यायला ते काष्टीला आले. दुकान बघितलं, कापड बघितलं आणि विचारलं, "शिलाई कोण करतं तुमच्याकडे?" अल्लाबक्ष तेव्हा तिशीतला. त्यानं पडद्याकडं बघितलं. बाईमाणूस गोधडी शिवतं, झबली शिवतं. डॉक्टरांच्या गाडीची सीट बाईच्या हाती कोण देईल? आणि गावात कळलं असतं तर लोक म्हणाले असते, बायकोच्या जिवावर दुकान चालवतो. तो म्हणाला, "पुन्याला कॅम्पात शिकलेला कारागीर हाय साहेब. युसूफभाई. कुनाच्या म्होरं बसून काम करीत न्हाई, तेवढी एक खोड हाय."

पडद्यामागं हसीनानं तोंडात पदर कोंबला होता. हसू आवरत नव्हतं. डॉक्टर गेल्यावर ती बाहेर आली आणि म्हणाली, "युसूफभाईला चहा पायजे म्हनं."

पुष्कळ वर्षं ती नवराबायकोतली गंमतच होती. घरात दोघं अर्धी दखनी, अर्धी मराठी बोलायची. त्या मिसळीत युसूफभाई हा तिसरा माणूस राहायला आला. मीठ जास्त झालं की अल्लाबक्ष म्हणायचा, "आज युसूफभाईनं सैपाक केलाय वाटतं." गिऱ्हाइकं विचारायची, म्हणून युसूफभाईला हळूहळू पुण्यात घर झालं, बायको झाली, दम्याचा त्रास झाला. डॉक्टर कामावर इतके खूश झाले, की त्यांनी युसूफभाईसाठी टेरिकॉटचं शर्टपीस पाठवलं. त्याचा शर्ट हसीनानंच शिवला आणि अल्लाबक्षनं तो तीन ईदा घातला.

गंमत कधी शिळी झाली, ते हसीनाला सांगता आलं नसतं. गुडघे गेले, डोळ्यांत पडदा आला, चार वर्षांपूर्वी दुकान बंद झालं, मशीन गोधड्यांच्या खाली गेलं. पोरगा फैयाज सुप्याच्या एमआयडीसीत लागला. मग मोतीबिंदूच्या शिबिरात नर्सनं अर्ज भरताना विचारलं, "आजी, काय काम करता?" हसीना तोंड उघडणार, तेवढ्यात मागून अल्लाबक्ष बोलला, "काय न्हाई, घरीच अस्ती." नर्सनं एक आडवी रेघ ओढली. ती रेघ हसीनाच्या मनातून पुसली गेली नाही. त्यानंतर तिला एवढंच वाटत राहिलं, की एकदा, फक्त एकदा, कुणाच्या तरी समोर या माणसानं म्हणावं, की ती शिलाई हिची. शाल नको, हार नको. तोंडानं म्हणावं.

आणि परवा फोन आला. त्या डॉक्टरांचा नातू ओंकार. डॉक्टर जाऊन बरीच वर्षं झाली होती. आजोबांची फियाट त्यानं धुऊनपुसून, इंजिन काढून पुन्हा उभी केली होती आणि नगरला जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनात ठेवली होती. "चाचा, सगळ्यांच्या सीटा नव्या आहेत. फक्त आपल्या गाडीच्या जुन्या. एक टाका सुटलेला नाही. तुम्ही आलंच पाहिजे. चाचींनाही आणा."

एसटीत खिडकीशी हसीना बसली. गाडीवर पाटी अहिल्यानगरची, आत माणसं एकमेकांना नगर म्हणत होती. श्रीगोंदा मागं पडलं. उसाच्या ट्रॉल्यांमागं गाडी रखडत होती.

"अवो," ती म्हणाली, "आज सांगाल नव्हं?"

"काय?"

"काय मंजे? तुमाला ठाव हाय काय ते."

अल्लाबक्षनं टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "सांगू की. आता कुनाला भ्यायचंय? दुकान बंद, डाक्टर गेले. सांगतो."

"बगा हं."

"सांगतो म्हनलं ना. तू आपली पानी पी."

ती बाटलीतलं घोटभर पाणी प्यायली आणि तिनं डोळे मिटले. झोप लागली नाही, पण बरं वाटलं. उठून उभं राहताना गुडघे करकरले, माळीवाड्याच्या स्टँडवर पाय टेकताना तिला नवऱ्याचा खांदा धरावा लागला, तरी बरंच वाटत होतं.

प्रदर्शन एका कॉलेजच्या मैदानावर होतं. फेब्रुवारीचं ऊन अकरा वाजताच टोचायला लागलं होतं. मंडप, स्पीकर, भेळेच्या गाड्या, आणि दोरी बांधून दोन रांगांत उभ्या केलेल्या गाड्या. लांबुडक्या, फुगीर, काळ्या, दुधाळ, काहींची नाकं पितळेची. लोक जवळ जाऊन फोटो काढत होते. अल्लाबक्ष एकेका गाडीशी थांबून आत वाकायचा आणि नाक मुरडायचा.

"हे बग. स्पंज. नुसता स्पंज. दोन उन्हाळं टिकायचा न्हाई."

"चला आता. माजे पाय दुखत्यात."

"आन ही पायपिन का गांडूळ?"

ती हसली. आज ती हसायला तयार होती.

फियाट रांगेच्या टोकाला होती. फिकट निळी. ओंकार धावत आला, दोघांच्या पाया पडला. मागं त्याची बायको स्नेहल, हातात पाण्याच्या बाटल्या. "बसा चाची, सावलीत बसा," म्हणून तिनं खुर्ची ओढली. पण हसीना बसली नाही. ती गाडीशी गेली. दार उघडंच होतं.

सीट मरून रंगाची. रंग उडाला होता, माणसं बसबसून मधला भाग चकचकीत झाला होता. हसीनानं चष्मा वर ढकलला, कारण डोळ्यांचं इथं काही काम नव्हतं, आणि डाव्या हाताचं बोट पायपिनीवरून फिरवलं. पुढच्या कडेनं, कोपऱ्यावरून, खाली. जिथं सीट गाडीच्या पोटाकडं वळते, तिथं खालच्या अंगाला बोट थांबलं. तिथं जोड होता. दोरा संपला होता त्या दिवशी आणि नवा जोडला होता. बाहेरून सात जन्म कुणाला दिसला नसता. बोटाला तो एका झटक्यात सापडला, अंधारात आपल्या लेकराचं डोकं सापडावं तसा.

"काय शोधताय चाची?" स्नेहल जवळ येऊन वाकली.

"काय न्हाई बाई. जोड बगत हुते."

"कुठंय? मला तर दिसत नाही."

"दिसू ने म्हनूनच असतो."

स्नेहलनं तिच्या बोटाकडं बघितलं, मग तिच्या चेहऱ्याकडं. आणखी काही विचारावं असं तिच्या मनात आलं असावं, पण तेवढ्यात ओंकारनं हाक मारली. "चाची, इकडं बघा. तुमच्यासाठी सरप्राईज आहे."

गाडीच्या पुढं एक फ्लेक्स उभा केला होता. हसीना चौथीपर्यंत शिकलेली. तिनं चष्मा खाली ओढून अक्षर अक्षर जोडत वाचलं. गाडीचं साल. आजोबांचं नाव. मग, मूळ सीटा: अल्लाबक्ष शेख, काष्टी. आणि त्याच्या खाली, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, शिलाई: उस्ताद युसूफभाई, पुणे.

"आजोबा मरेपर्यंत त्यांचं नाव काढायचे," ओंकार म्हणाला. "मला म्हणायचे, हातात जादू होती त्या माणसाच्या. म्हटलं, नाव आलंच पाहिजे."

हसीनानं नवऱ्याकडं बघितलं. अल्लाबक्ष फ्लेक्सकडं बघत होता आणि टोपी पुन्हा पुन्हा नीट करत होता.

बारा वाजता मंडपात सगळ्यांना बसवलं. माईकवाला पुण्याहून आणलेला, तोंडाला विसावा नसलेला. त्यानं दोन-चार गाडीमालकांना बोलतं केलं आणि मग फियाटचं नाव घेतलं. ओंकार अल्लाबक्षला हाताला धरून व्यासपीठावर घेऊन गेला. शाल पांघरली, हातात नारळ दिला. टाळ्या झाल्या. हसीना पहिल्या रांगेत, शेजारी स्नेहल.

"तर चाचा, सांगा आम्हाला," माईकवाला म्हणाला, "या सीटांचं रहस्य काय?"

अल्लाबक्षनं माईक दोन्ही हातांनी धरला. आधी खाकरला. मग म्हणाला, "रहस्य कसलं. काथ्या चांगला पायजे. आन शिलाई."

"शिलाई. उस्ताद युसूफभाई! सांगा ना त्यांच्याबद्दल."

हसीनानं पदर सारखा केला. आता सांगेल. एवढी माणसं आहेत, माईक आहे, काही वाकडंतिकडं होणार नाही. नुसतं म्हणायचं, ती काय तिथं बसलीय.

अल्लाबक्षनं तिच्याकडं बघितलं. नीट, सरळ बघितलं. आणि बोलायला लागला.

"मी लई जवळनं बगितलीय ती शिलाई. कापड मशीनखाली घालायच्या आदी अंगठ्यानं दाबायचा. थोपटल्यावानी. लेकरू निजवतात तसं. मी इचारायचो, हे कशाला? तर म्हनायचा, कापड घाबरलेलं असतं, त्याला धीर द्यावा लागतो. तोंडात कायम दोऱ्याचा तुकडा. जेवताना बी इसरायचा काडायला. तुमच्या आजोबांची हीच सीट करताना मशीनची सुई बोटातनं आरपार गेली. ह्या बोटातनं. नखातनं आत आन खालून भाईर. मी पकडीनं काडली. हळद भरली, चिंदी बांदली. म्हनलं, ऱ्हाऊ दे, डाक्टरास्नी सांगू दोन दिस थांबा. ऐकलं न्हाई. त्याच हातानं सीट पुरी केली. रगताचा एक ठिपका कुटं लागू दिला न्हाई. म्या त्या दिशी भाईर जाऊन तोंड धुतलं. मानूस रडताना दिसू ने म्हनून."

हसीनाचा डावा हात मांडीवर होता. तर्जनीचं नख मधोमध दुभंगलेलं, सदतीस वर्षांपासून तसंच. तिला वाटलं होतं, पकड बाजूला ठेवून हा बिडी ओढायला गेला असेल. रडला होता? चाळीसच्या वर वर्षं एका छपराखाली काढली, एवढं हा माणूस तिच्याबद्दल कधी बोलला नव्हता. कापडाला धीर द्यायची गोष्ट तिनं सांगितली होती, तीही त्याच्या ध्यानात होती. सगळं होतं. फक्त ते दुसऱ्याच्या नावावर चाललं होतं, आणि अजून एक वाक्य बाकी होतं.

"वा!" माईकवाल्याचा आवाजही जरा खाली आला होता. "आणि हे युसूफभाई आज कुठं असतात?"

अल्लाबक्षनं पुन्हा तिच्याकडं बघितलं. मग त्याची नजर ओंकारवर गेली. पोरगं डोळे पुसत उभं होतं. त्याच्या पलीकडं तो फ्लेक्स.

"वारला," अल्लाबक्ष म्हणाला. "दोन वर्सं झाली."

मंडपात च्‌च्‌ असा आवाज उठला. माईकवाल्यानं मान खाली घातली आणि वर काढली. "मित्रहो, अशा अनाम कारागिरांनीच या गाड्यांना जीव दिला. माझी विनंती आहे, दिवंगत युसूफभाईंसाठी आपण सर्वांनी आहोत त्या जागी एक मिनिट शांत उभं राहू या."

खुर्च्या सरकल्या. सगळे उठले. हसीनाला गुडघ्यामुळं एकदम उठता येईना. स्नेहलनं दंडाला धरून तिला उभं केलं. ती उभी राहिली. आजूबाजूला दोनशे माणसं माना खाली घालून उभी, भेळवाल्यानंही हात थांबवलेला, आणि ती स्वतःच्याच मयताला उभी. लांब रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजला. मिनिट फार लांब असतं, हे तिला पहिल्यांदाच कळलं.

कार्यक्रम संपला. ती मंडपाच्या मागच्या कडेला एका खुर्चीवर जाऊन बसली. अल्लाबक्ष आला. शाल खांद्यावरून घसरलेली, नारळ काखेत. तो समोर उभा राहिला. बसला नाही.

"उन लई हाय," तो म्हणाला.

तिनं पदरानं वारा घेतला.

"पानी आनू का?"

"कदी वारले म्हनला?" हसीना म्हणाली. "दोन वर्सं? मंग परवा तुमच्या पायजम्याला नाडी कुनी घातली?"

"हळू बोल गं."

"मेल्या मानसाचा आवाज कुनाला जातोय?"

अल्लाबक्षनं नारळ या काखेतून त्या काखेत घेतला. "तोंडाला आलं हुतं, हसीना. आल्लाची आन. तुज्याकडं बगितलं आन तोंडाला आलं. पन त्या पोरानं पाटी छापलेली. डोळ्यात पानी त्याच्या. त्याचा आजा मरस्तवर ज्याचं नाव घेत हुता, त्यो मानूसच नव्हता म्हनून कसं सांगू? एवढ्या मानसांत? सगळी म्हनली असती, म्हातारा इतकी वर्सं आमच्या डाक्टराशी खोटं बोलला."

"मंजे माजं मरन परवडलं."

"तसं न्हाई."

"तसंच हाय. मी काय भांडत न्हाई. भांडायला बी ताकद लागती." तिनं गुडघ्यावरून हात फिरवला. "चांगलं बोलला. खरंच लई चांगलं बोलला. येवढं ठाव हुतं तुमाला, हे मला ठाव नव्हतं."

"मंग आत्ता सांगतो. चल, त्या माईकवाल्याला गाठतो आन..."

"नका." ती पटकन म्हणाली. "एक मिन्ट उभी ऱ्हायली मानसं. त्यास्नी काय सांगनार? उठून बसला म्हनून? आता सांगितलं तर युसूफभाई खोटा, तुमी खोटे, आन मी बी खोटीच दिसन. म्हातारीला शाल पायजे म्हनून म्हाताऱ्यानं बनाव केला म्हनतील." तिनं चष्मा पदरानं पुसला. "येकच टायम हुता त्याचा. गेला."

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता, तर अल्लाबक्षला काही बोलता आलं असतं. त्यानं घसरलेली शाल खांद्यावर ओढली.

समोरून ओंकार येत होता, हातात जेवणाची कुपनं. "चाचा, चाची, चला. पाहुण्यांची वेगळी पंगत आहे. परीक्षक पण म्हणतायत, चाचांच्या शेजारी बसायचंय."

हसीना खुर्चीचा हात धरून उठली. पदर डोक्यावर घेतला. ओंकारच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "आजोबाची गाडी लई निगुतीनं ठेवली बाळा. ठेव अशीच. सीटला उन लागू देऊ नको, दोरा कडक व्हतो."

"हो चाची. जेवायला..."

"ह्यास्नी घेऊन जा. मला भूक न्हाई." मग नवऱ्याकडं न बघता, त्यालाच ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाली, "तुमी जेवा. युसूफभाईच्या वाट्याचं बी जेवा."

"अगं, काष्टीची गाडी तीनला हाय. आत्ता कुटं चाललीस?"

"स्टँडवर बसते."

"मी येतो की संगं."

"जेवून या," ती म्हणाली. "शाल पांगरली त्या लोकांनी. तशीच पाठ फिरवली तर बरं दिसत न्हाई."

आणि ती निघाली. डावा पाय जरा ओढत, गाड्यांच्या दोन रांगांच्या मधून. एकाही गाडीकडं तिनं बघितलं नाही. फियाटशीसुद्धा थांबली नाही. फोटो काढणारी माणसं तिला वाट द्यायला बाजूला व्हायची आणि पुन्हा एकत्र यायची. ऊन डोक्यावर आलं होतं, सावली पायांखालीच होती.

स्नेहल फियाटच्या दाराशी उभी होती. म्हातारी समोरून गेली, तेव्हा तिनं त्या डाव्या हाताकडं बघितलं. दुभंगलेलं नख तिनं बघितलं. ती एकदम पुढं झाली, हाक मारायला तोंड उघडलं, आणि अडली. सकाळपासून चाची, चाची चाललं होतं. नाव कुणी विचारलंच नव्हतं. ती मागं वळली. मंडपाच्या कडेला अल्लाबक्ष होता तिथंच होता. ओंकार त्याला काहीतरी सांगत होता, कुपनं पुढं करत होता. म्हाताऱ्याचं लक्ष नव्हतं.

स्नेहल त्याच्याजवळ गेली. "चाचा," ती हळूच म्हणाली, "चाचींचं नाव काय?"

अल्लाबक्षनं फाटकाकडं हात केला. तिथं पहारेकऱ्यानं दोरी वर उचलून धरली होती. हसीना वाकली, दोरीखालून पलीकडं गेली, कमरेवर हात ठेवून क्षणभर सरळ झाली आणि रस्त्याच्या कडेनं स्टँडच्या दिशेनं चालू लागली. एक बस आडवी आली. बस गेल्यावर ती पुन्हा दिसली, बरीच लहान. अल्लाबक्ष बघत होता. शेजारी स्नेहल बघत होती, उत्तराची वाट बघत.